गुळगुळीत चेहऱ्याचा फोटो

थोरल्या भावाचा पाय मोंबासाच्या लाकूडवखारीत ओंडक्याखाली सापडला, ही बातमी तिकडून परतलेल्या गोव्याच्या एका सुताराने आमच्या गावी, कुंभारवाड्यात येऊन सांगितली. पाय गुडघ्याखाली कापला होता. जखम भरत आली होती, पण बोटीवर एकट्याने चढणे-उतरणे अण्णाला जमणार नव्हते. कोणीतरी न्यायला यावे, असा त्याचा निरोप होता. कोणीतरी म्हणजे मी. घरात दुसरा पुरुष नव्हता.

अण्णा गेला तेव्हा त्याला कोणी काही विचारले नव्हते. मोठ्या लढाईनंतर मात्र पासपोर्टाशिवाय बोटीवर घेईनासे झाले, आणि पासपोर्टाला फोटो लागे. सुप्याच्या तालुका कचेरीतल्या कारकुनाने माझा अर्ज भरला. उंची लिहून झाली, डोळ्यांचा रंग लिहून झाला. ओळखीच्या खुणेपाशी आल्यावर त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि लिहिले, ‘तोंडभर देवीचे वण’. त्याला शोधावे लागले नाही.

फोटोसाठी बेळगाव गाठायचे होते. कॅसलरॉकपर्यंत चालत गेलो, पुढे आगगाडीने. फोटोग्राफर वयस्क आणि फार सभ्य गृहस्थ होता. त्याने मला काचेच्या छपराखाली बसवले, मानेमागे लोखंडी चिमटा लावला आणि सांगितले, ‘‘हलू नका हं. श्वास घ्या, पण दिसू देऊ नका.’’

फोटो तयार होईपर्यंत धर्मशाळेत राहिलो. हातात आला तेव्हा डोक्यावरचा रुमाल माझा होता, कान माझे होते, गाल मात्र केळीच्या कोवळ्या पानासारखे गुळगुळीत. मी बघतच राहिलो.

‘‘फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवलोय की,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांचंच करतोय. वेगळे पैसे न्हाईत त्याचे.’’

अर्जातली ओळ मला तिथेच आठवायला हवी होती. ती लोंढ्याच्या अलीकडे, गाडीत आठवली. मी फोटो पुन्हा काढून पाहिला, परत पिशवीत ठेवला आणि बसून राहिलो. तिकडे भाऊ एका पायावर वाट बघत होता आणि इकडे मला स्वतःचा फोटो आवडला होता. याहून वेगळे काही सांगता आले असते तर बरे झाले असते.

आईने फोटो अंगणातल्या उजेडात धरला.

‘‘कोण ह्यो?’’

‘‘मी.’’

‘‘न्हाई.’’ तिने तो उलटा करून मागची बाजूही पाहिली. ‘‘तिनं दिलेलं ह्यानं का म्हणून पुसलं?’’

तिनं म्हणजे देवीनं. लहानपणी मला देवी आल्या आणि मी वाचलो, तेव्हापासून दरवर्षी आई गावदेवीला दहीभात नेत असे. वण ही तिने ठेवलेली खूण, असे आमच्याकडे मानत. त्यामुळे हा फोटो पाठवावा की नाही, ते देवीलाच विचारायचे ठरले. गुरवाने फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

‘‘वाऱ्यानं पडली,’’ मी म्हणालो.

‘‘वारा कुणाचा हाय?’’ आई म्हणाली.

तरीही मी तो फोटो कचेरीतून मुंबईला, पासपोर्टवाल्यांकडे पाठवला. वेळ जाऊ नये म्हणून, असे मी तिला सांगितले.

वेळ गेलाच. पुढे कचेरीतून बोलावणे आले.

‘‘ह्यो माणूस तू न्हवं, म्हणत्यात मुंबईचे,’’ कारकून म्हणाला.

‘‘मीच हाय.’’

‘‘मला सांगून काय उपेग? मला तू दिसतोस. त्यांना फोटो दिसतोय.’’

अर्जातले वण खोडता येतील का, असे मी विचारले.

‘‘खाली साहेबाची सही हाय. वण काढायचेच असले तर तोंडावरचे काढून ये जा.’’

घरी सांगितल्यावर आईला काहीच नवल वाटले नाही. सरकारानं बी तिचंच ऐकलं, एवढेच ती म्हणाली. त्या दिवसांत जेवताना ती अण्णाच्या पायाचे नाव काढत नसे. बोटीला जिना असतो का, तो किती उभा असतो, धरायला दोरी असते का, हे विचारी. मी बोट पाहिलेली नव्हती. असते दोरी, असे सांगत असे.

मी पुन्हा बेळगावला गेलो आणि वण ठेवा म्हणालो. फोटोग्राफर खाली बसला.

‘‘लोक म्हणतील, ह्याची काचच खराब.’’

‘‘वण माझेच आहेत.’’

‘‘ते काय तुम्ही घरोघरी जाऊन सांगणार हाय?’’

शेवटी तो कबूल झाला, पण फोटोमागे आपला शिक्का मारणार नाही म्हणाला. मात्र एकदा ठेवायचेच ठरल्यावर त्याने ते नीट ठेवले. छपरावरचा पडदा ओढला, बाजूने उजेड घेतला. एकही वण सुटला नाही. आमच्या घरातला आरसा तळहाताएवढा होता. त्यात मी नेहमी एक गाल, मग दुसरा गाल असा दिसे. सबंध चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि फोटो पाकिटात घातला.

आईने तो पाहून मान हलवली. ‘‘व्हय. ह्यो आमचा.’’ कौल लावायचा का, असे मी विचारले. ‘‘ह्याला काय विचारायचं?’’ ती म्हणाली.

सुगी संपत आली तेव्हा पासपोर्ट आला. मी सुप्याला जाऊन तो घेतला आणि गाठोडे न्यायला घरी परतलो, तर अंगणात अण्णा बसलेला. काही गोवेकर सुतार परत येत होते, त्यांच्या सोबतीने तो निघाला होता. त्याला बोटीवर चढवले ते सामानाच्या जाळीतून, पिंपांबरोबर. मुरगावाहून आगगाडी, कॅसलरॉकहून बैलगाडी. गाडीवान त्याला अंगणात उतरवून गेला होता. आमचा उंबरा पावसाच्या पाण्यासाठी हातभर उंच केलेला होता. आईला एकटीला अण्णा उचलेना, आणि शेजाऱ्यांकडून उचलून घ्यायला तो तयार नव्हता. ती त्याला पेज पाजत होती.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी घाईत होतो, हे त्याला दिसले असणार.

‘‘कुठं निघालास रं?’’

‘‘तुला आणायला.’’

अण्णाने पेजेचा वाडगा खाली ठेवला.

‘‘मग आण की,’’ तो म्हणाला. ‘‘हितनं आतपर्यंत आण. उंबरा चढवंना मला.’’

त्याने कुबडी आईकडे दिली आणि माझ्या गळ्यात हात टाकला. मी त्याला उचलले. वाटला होता त्याहून हलका होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले.

‘‘मागनं बोल,’’ तो म्हणाला. ‘‘आधी वाक. चौकट लागंल डोक्याला.’’

मी वाकलो.