राबाची राख

अकरा एप्रिल, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे. मॅडमनी आमच्या प्रयोगशाळेच्या समितीतल्या पाच पुरुषांना तलासरीजवळच्या एका पाड्यावर भर उन्हात शेतात उतरवले आणि कुणालाही छत्री उघडू दिली नाही. सावलीत मातीचा रंग नीट दिसत नाही, हे त्यांचे कारण शास्त्रीय होते. ते सांगताना त्यांना आनंद होत होता, हेही मी पाहिले.

मॅडम निवृत्त मृदाशास्त्रज्ञ. डहाणू-तलासरीच्या पाड्यांसाठी त्यांनी माती तपासणारी छोटी प्रयोगशाळा उभारली आणि तिथे फक्त मुली नेमल्या. त्यांत मी सर्वांत जुनी. त्या मला आवडत नसत. माझे प्रत्येक मापन त्या माझ्यादेखत पुन्हा करत. इतका अविश्वास का, असे मी एकदा विचारलेच. "तुझी चूक शोधायला बाहेर माणसं टपलीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्याआधी मला सापडू दे." लोक याला माया म्हणतात. मला तो अपमान वाटे, आणि तो राग अजूनही पूर्ण निवळलेला नाही.

व्यासपीठावर त्या अधिक कडू. बोर्डीला महिला दिनाच्या सत्कारात साडी पुढे आली, तेव्हा त्यांनी माईकवरूनच विचारले, "पुरुष शास्त्रज्ञाला धोतर देता का?" पुढच्या वर्षी निमंत्रण आले नाही. त्यांनी चौकशीही केली नाही.

समितीचे अध्यक्ष चिकूचे बागायतदार. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांना प्रयोगशाळा भाच्याच्या ताब्यात हवी होती. पोरी लग्न करून जातील, मग मशीनवर कोण बसणार, असे त्यांनी भर बैठकीत काढले.

"भाऊ, तुमच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा वाडीला कुलूप लावलंत?" मॅडमनी विचारले.

सगळे हसले. भाऊंनी ते हसणे विसरायचे नाही असे ठरवले. त्यांनी भाच्याकडून आम्ही तपासलेल्याच एका शेताची माती मागवून दुसरीकडे तपासून घेतली. मातीचा आम्लपणा सांगणारा सामू आमच्यापेक्षा बराच चढा आला. पोरी चुकल्या, आता प्रयोगशाळा काढून घ्यायची, असे ठरत आले, आणि अकरा एप्रिलला मॅडम सगळ्यांना घेऊन त्या शेतावर गेल्या.

माती कुठली, असे त्यांनी भाच्याला विचारले. त्याने रस्त्यालगतचा कोपरा दाखवला. मॅडमनी वरची माती हाताने उकरली. खाली काळी राख.

"इथं राब भाजतात, भाऊ. पालापाचोळा जाळून त्यावर भाताची रोपं करतात. राखेनं सामू चढतो. तुमच्या भाच्यानं शेत नाही, चूल तपासली."

पाड्यावरच्या बायका पदराआड हसल्या. भाऊ म्हणाले, तरी पोरी बरोबर असतील कशावरून? मॅडमनी मला शेताच्या मध्यातून माती काढायला लावली, पाण्यात ढवळवली आणि मीटर भाऊंच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा. मी लिहून घेते."

प्रयोगशाळा आमच्याकडेच राहिली. मॅडम पावसाळ्याआधीच हृदयविकाराने गेल्या. भाऊ हार घेऊन आले होते. शेतावरच्या त्या दुपारनंतर मॅडमच्या हातून मोजमापाचे काम झाले नव्हते. त्यांनी नोंदलेला शेवटचा आकडा भाऊंनी चष्मा लावून, पुटपुटत वाचलेला. आमच्या अहवालातलाच.

पाच पूर्णांक नऊ.