येळवशीच्या दिवशी काढलेला फोटो

लातूरला मी हरवलो होतो, असे माझा मुलगा सांगतो. नांदेडच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही हकिकत मिळते, आणि तिचा शेवट ठरलेला असतो: यापुढे बाबांना एकटे कुठेही पाठवायचे नाही. सूनबाई त्यात भर घालतात की मी भलत्याच कुणाच्या घरात जाऊन बसलो होतो. शेजारचे निवृत्त तहसीलदार तर मी भूत पाहिले असे सांगत फिरतात. या तिघांपैकी एकही जण त्या दिवशी लातुरात नव्हता. मी होतो.

मी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. पत्नी गेल्यानंतर कॅमेरा घेतला आणि लातूरला छायाचित्रणाचा आठवडाभराचा वर्ग भरणार असल्याचे कळताच एसटीने एकटा निघालो. वर्ग उत्तम होता, हे आधी नमूद करतो, कारण घरच्या हकिकतींत त्याचा उल्लेखही नसतो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलाहून लहान असाव्यात. वस्तूकडे बघू नका, तिच्यावर पडलेल्या उजेडाकडे बघा, असे त्या म्हणाल्या, आणि इतकी वर्षे आपण फळ्यावरचा खडूच पाहत आलो, फळ्यावरचे ऊन कधी पाहिलेच नाही, हे मला पहिल्याच सकाळी उमगले. बाकीचे विद्यार्थी लग्नाचे फोटो काढणारे तरुण.

“सर, तुम्ही बी लग्नाच्या ऑर्डरी घेणार का?” एकाने विचारले.

“माझ्या ओळखीत आता तेराव्याच्याच ऑर्डरी निघतात,” मी म्हणालो. त्यानंतर माझा ट्रायपॉड कोणी उचलायचा यावरून त्यांच्यात भांडणे होऊ लागली.

बाईंनी कॅमेऱ्यातली एक सोय दाखवली. समोर माणसाचा चेहरा आला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक लहानशी पिवळी चौकट उमटते आणि त्या चेहऱ्यावर जाऊन बसते. माणूस हलला की चौकटही हलते. एवढे ध्यानात ठेवावे.

एका संध्याकाळी वर्ग सुटताना बाई म्हणाल्या, “उद्या येळवस.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, या भागातली माणसे शेतात जाऊन पूजा करतात आणि तिथेच जेवतात, हे मला ऐकून ठाऊक होते. माझे मूळ गाव हदगाव, तिकडे या सणाचे एवढे प्रस्थ नाही. उद्या सुट्टी, असे मात्र कोणी म्हणाले नाही, कारण लातुरात ते म्हणावे लागत नाही. मुलगा याला माझा विसराळूपणा म्हणतो. जे सांगितलेच नव्हते ते विसरायचे कसे, याचे उत्तर त्याने अद्याप दिलेले नाही.

सकाळी वर्गाला कुलूप होते. रस्त्यावर रिक्षा नव्हती, टपरी उघडी नव्हती. मी कॅमेरा गळ्यात अडकवून गंजगोलाईकडे चालू लागलो. एरवी त्या गोल बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी लखलखीत उन्हात सगळी शटरे खाली ओढलेली होती आणि माझ्याच चपलांचा आवाज समोरच्या दुकानांवर आपटून परत येत होता. चौकातला सिग्नल कुणासाठीही नसताना तांबडा आणि हिरवा होत होता. रस्त्याच्या मधोमध झोपलेल्या कुत्र्यांनी मान वर केली नाही. एका कुलूपबंद घरात फोन वाजत होता. तो थांबला आणि जरा वेळाने शेजारच्या कुलूपबंद घरात वाजू लागला.

मी बाजाराला फेऱ्या घातल्या. वर्तुळावर चालणारा माणूस हरवत नाही. तो जिथून निघाला तिथेच येतो. मुलाला हे पटत नाही, पण भूमितीत तो पहिल्यापासूनच कच्चा.

“कोण हाय ओ?”

एका गल्लीच्या तोंडाशी उघड्या दारात एक म्हातारी बसली होती. मी नांदेडचा आहे, फोटो काढतो, असे सांगितले.

“बसा की. समदं गाव रानात गेलंय. यांस्नी चालवत न्हाई, म्हून मी बी राहिले.”

असे म्हणताना तिने भिंतीशी ठेवलेल्या लोखंडी खुर्चीकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढे स्टुलावर आंबिलीचा पेला काठोकाठ भरून ठेवला होता. तसाच एक म्हातारीने मलाही दिला. ताक आणि ज्वारीचे ते आंबट पेय मी प्यालो.

“यांचा एक बी फोटू न्हाई घरात,” ती म्हणाली. “काढता का?”

मी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. तिने खुर्चीला दटावले, “अवो, नीट बसा. गुंडी लावा सदऱ्याची.”

ऊन डावीकडून येत होते. चित्रात खुर्ची होती, भिंत होती, पेला होता, म्हातारी नव्हती. पिवळी चौकट उमटली. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे असेल, नेमकी तिथे. मग ती सावकाश खाली झुकली, एखाद्याने गुंडी लावायला मान खाली घालावी तशी, आणि पुन्हा वर येऊन स्थिर झाली.

“हां,” म्हातारी म्हणाली, “काढा आता.”

मी बटण दाबले.

कॅमेरा बिघडला असणार, असे मुलगा म्हणतो. तहसीलदारांचे मत वर आलेच आहे. मी यातले काहीही म्हटलेले नाही. मोजमाप जसे आले तसे लिहावे. त्याचे कारण सापडले नाही म्हणून ते खोडू नये, एवढेच मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. मुलाचे फोन मी घेतले नाहीत, कारण फोटो काढताना फोनचा आवाज बंद ठेवायचा हा बाईंचा नियम होता. आणि दिवस मावळून माणसे रानातून परतेपर्यंत मी त्या दारात बसून राहिलो, कारण त्या दोघांचे बोलणे चालले होते आणि मध्येच उठणे बरे दिसले नसते.

वर्ग संपला त्या दिवशी मी फोटो छापून त्या घरी नेला. दार म्हातारीच्या सुनेने उघडले. फोटो पाहून ती ओशाळली. “मामाला जाऊन लई वर्सं झाली,” ती हळूच म्हणाली. “आत्याचं मनावर घेऊ नका.”

म्हातारीने फोटो तिच्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

“डोळे मिटले की ओ यांचे,” ती म्हणाली. “पुन्ना काढा. आता नगं, निजलेत. पुढच्या येळवशीला या.”

मी येतो म्हणालो.

आता येळवस पुन्हा जवळ आली आहे. काल मी पिशवी भरताना मुलगा दारात उभा राहिला.

“बाबा, रिकाम्या खुर्चीचा फोटो काढायला लातूरला जाताय? तेही एकटे?”

“मिटल्या डोळ्यांचा, माझ्या हातचा फोटो मी कुणाच्या भिंतीवर राहू देणार नाही,” मी म्हणालो. “आणि तिथे परक्या माणसाने गर्दी केलेली त्यांना चालेल की नाही, मला ठाऊक नाही.”

“कुणाला?”

पाहुण्यांना सांगायच्या हकिकतीत एवढे वाढव, मी म्हटले, की बाबा पुन्हा गेले, आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.