तेविसावं बाक

आम्ही गाव सोडला तेव्हा सगळा गाव उलट्या दिशेने येत होता. पुढे गुरं, त्यांच्यामागे डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, टोपलीखाली कुरकुरणाऱ्या कोंबड्या, बापाच्या खांद्यावर पेंगणारी पोरं. तीन दिवस वेशीबाहेर काढून मंडळी घरी निघाली होती, कुणाच्या खोपीत कोण कुणाशी भांडलं त्याच्या चहाड्या करत. आणि त्या गर्दीतून वाट काढत आम्ही तिघं बाहेर. माझ्या डोक्यावर ट्रंक. बायकोच्या काखेत आडाळो, म्हणजे आमची नारळ खवायची विळी, पात्याला फडकं गुंडाळून. आमच्या लेकीने, तेरा वर्षांच्या मंजुळने, शाळा सोडल्याचा दाखला दोन्ही हातांत उघडा धरलेला, कारण त्याची शाई अजून वाळली नव्हती.

आई वेशीपर्यंत आली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "देवान सगळ्यांका भायर काढल्यान, आता सगळे भितुर चल्ले. तुमीच तेवडे उलटे."

मला उत्तर सुचलं होतं. पण मान हलवली असती तर ट्रंक एखाद्या म्हशीच्या पाठीवर गेली असती. उत्तर राहिलं ते राहिलंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आचऱ्याच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा गावपळण होते. देवाचा कौल झाला की ठरल्या दिवशी माणसं, गुरं, कुत्री, मांजरं सगळी वेशीबाहेर जातात आणि तीन रात्री झावळ्यांच्या खोपीत राहतात. गावात चूल पेटत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परत. त्या गावात जन्मलेल्या माणसाला ही गोष्ट विसरता येणं शक्य नाही. मी विसरलो.

मी तेव्हा कोल्हापुरात लाकडाच्या एका वखारीत कारकून होतो. अर्ज लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही अशी माझी समजूत होती. वखारीतले हमाल रजेचे अर्ज माझ्याकडून लिहून घेत आणि रजा हटकून नामंजूर होई, पण दोष मी मालकाच्या अरसिकपणाला देत असे. बायको आणि मंजुळ गावी आईजवळ. गावच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मालवणला कुणाच्या तरी घरी मुलगी ठेवायची, आणि ते आईला पसंत नव्हतं. म्हणून सातवी पास झालेली मंजुळ जूनपासून घरी बसून होती. दिवाळीनंतर मला एकदाची दीड खोली मिळाली, आणि त्याच सुमारास कळलं की इथल्या एका हायस्कुलातली आठवीतली एक मुलगी बापाच्या बदलीमुळे गेली आहे.

हेडमास्तर म्हणाले, शनिवारी दुपारी बारापर्यंत मुलगी आणि मूळ दाखला माझ्यासमोर हवा. त्यानंतर वर्ग बंद. आणि पुढच्या जूनला येऊ नका, वर्षभर घरी बसलेली मुलगी आम्ही घेत नाही. म्हणजे तो शनिवार हुकला तर मंजुळचं शिक्षण सातवीतच संपलं.

गावाकडचं पोस्टकार्ड तेव्हा माझ्या खिशातच होतं. वरची ओळ नेहमीची, सर्व खुशाल. तेवढी वाचून मी थांबलो होतो, आणि उरलेल्या कोऱ्या जागेत प्रवेशाच्या अर्जाचा मसुदा लिहून काढला होता. माझ्या त्या भारदस्त मसुद्याच्या शेजारीच मंजुळच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं: बुधवारी गाव भायर पडता, शनिवारपर्यंत येव नको.

गुरुवारी दुपारी मी फोंडा घाट उतरून गावी पोचलो. वेळ वाचवायचा म्हणून एसटीतून अलीकडेच उतरलो आणि काजूच्या उतारावरून आडवाटेने थेट गावात शिरलो. मुख्य रस्त्याने गेलो असतो तर वेशीवरच खोपी दिसल्या असत्या. हुशारी अशी नेहमीच मला आडवाटेने नेते.

घराचं दार नुसतं ओढलेलं. हाक मारली, कोणी नाही. शेजारी हाक मारली, तिथेही नाही. विहिरीवर रहाट नुसता लोंबत होता. मला वाटलं कुणी तरी गेलं असेल, सगळे तिकडे असतील. मनाशी दुःखी चेहऱ्याची तयारी करत मी शाळेपर्यंत गेलो. शाळेची खिडकी सताड उघडी होती. आत रजिस्टरांचं कपाट दिसत होतं, त्यावर चिमणी बसलेली. मग लक्षात आलं की मघापासून माझ्यावर एकही कुत्रा भुंकलेला नाही. आमच्या गावात कुत्रा भुंकत नाही याचा अर्थ एकच. मी वहाणा हातात घेतल्या आणि धूम ठोकली.

गुपचूप निसटावं असा बेत होता. पण ज्या बाजूने पळालो त्याच बाजूला अख्खा गाव तोंड करून बसला होता. गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गावातून धावत बाहेर येणारा तो एकुलता एक इसम सगळ्यांनी डोळे भरून पाहिला. कोणी ओरडलं नाही. मानकऱ्यांनी माझ्या हातात नारळ दिला, देवापुढे ठेवून चूक कबूल करायला लावली. आईने ताट वाढलं. चिडवलं फक्त माझ्या चुलत्याने, "मुंबैवाले तरी इचारून चुकतत रे. तू कोल्हापूरवालो."

मी हातातोंडाशी आलेली जागा, शनिवार, बारा वाजता, सगळं सांगितलं. गावच्या शाळेचे गुरुजी साताऱ्याकडचे. ते आपल्या खोपीत पिठलं ढवळत होते. त्यांनी पळी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "मी काही इथला नाही. तुम्ही म्हणाल तर जातो आणि रजिस्टर घेऊन येतो, दाखला इथेच लिहू. अर्ध्या तासाचं काम."

खरं सांगतो, माझ्या तोंडून हो निघालंच होतं. मी तर आत जाऊन आलोच होतो, देव काय करणार होता ते एकदाच करेल असा माझा हिशेब. पण मंजुळ मध्ये पडली.

"गुरुजीनू, दाखलो शनिवारीच द्या," ती म्हणाली. "लहान पोरां पण भायर ऱ्हवलीत. माझ्यासाठी कशाक?"

तिला जागा नको होती असं नाही. ती शिकायला इतकी आसुसलेली होती की सातवीचं पुस्तक तिने खोपीतही आणलं होतं. गुरुजींनी पळी पुन्हा उचलली. शनिवारी दुपारनंतर कौल झाला, गुरुजी सगळ्यांच्या आधी शाळेत धावले, दाखला लिहिला, आणि घरात पाठ न टेकता आम्ही निघालो.

सोमवारी हेडमास्तरांनी घड्याळाकडे नव्हे, कॅलेंडरकडे पाहिलं. वर्ग बंद झाला होता. जागा रिकामीच होती, पण नियम तो नियम. फार वाटलं तर शाळेच्या समितीकडे दाद मागा म्हणाले.

दाद मागायची म्हणजे अर्ज आला. मी फुललो. चार फुलस्केप पानं लिहिली. गावपळणीचं कारण दिलं तर शहरातले लोक हसतील म्हणून ते गाळलं आणि मंजुळला विषमज्वर केला. तिसऱ्या पानावर तर ती जवळजवळ गेलीच होती. स्वतःच लिहिलेलं वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात कोणाला मात्र वाचून दाखवलं नाही.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते. त्यांनी चारी पानं वाचली, चष्मा काढला आणि डॉक्टरांचा दाखला मागितला. मी म्हटलं, डॉक्टर मालवणचे. नाव? मी म्हटलं, वारले. टेबलाभोवतीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्यामागे उभी असलेली मंजुळ म्हणाली, "माका ताप येवकच नाय."

हेडमास्तर म्हणाले, मुली, नीट शुद्ध बोल. मग तिने एकेक शब्द तोलत सगळं सांगितलं. कौल, खोपी, गुरुजींचं रजिस्टर, स्वतः नको म्हटल्याचंही.

अध्यक्ष हसले. "म्हणजे देवाने सांगितलं म्हणून अख्खा गाव घरं उघडी टाकून रानात? आणि नाही गेलं कोणी, तर शिक्षा काय?"

"शिक्षा नाही," मंजुळ म्हणाली.

"दंड?"

"नाही. कोणी मोडतच नाही."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताचे वासे मोजू लागलो. पण त्या नजरेने माझ्यात कुठून तरी बळ आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदाशिवाय बोललो. म्हटलं, "साहेब, तापाचं मी लिहिलं, खोटं लिहिलं, ते फाडून टाका. पण ही पोर तुमच्या बाराच्या ठोक्याला पोचू शकली असती. चोरून एक रजिस्टर आणायचं, बस. तिने नाही आणलं. नियम पाळणारी मुलगी तुम्हाला नको असेल तर तसं लिहून द्या, मी तो कागद गावच्या देवळात लावतो."

लिहून द्यायला कोणी तयार झालं नाही. बऱ्याच कुजबुजीनंतर अध्यक्ष म्हणाले, आत्ता घेतो, पण वार्षिक परीक्षेत पास झाली तर पुढे, नाही तर घरी. आणि गेलेल्या मुलीचं बाक मोडल्यामुळे काढून टाकलं आहे, वर्गात बावीस बाकं आहेत, सगळी भरलेली. मुलगी जमिनीवर बसेल.

"जमिनीवर नाही बसणार," मी म्हटलं, "बाक मी आणतो."

वखारीत फणसाच्या लाकडाच्या फळ्या होत्या. मालकाने दिल्या, कदाचित मी अर्ज न लिहिता तोंडी मागितल्या म्हणून. मी सुताराला सांगितलं, चांगलं ऐसपैस कर, कोकणचं नाव निघालं पाहिजे. चार हमालांनी ते बाक शाळेत वाहून नेलं आणि वर्गाच्या दारात ते अडकलं. आडवं जाईना, उभं जाईना. सुतार म्हणाला, "कारकून, सगळं मोजता, दार मोजलं न्हाईसा व्हय?" सगळा वर्ग बघत असताना त्याने तिथेच हातभर लाकूड कापलं. मंजुळने कपाळाला हात लावला. मग परकर खोचून भुसा झाडला आणि त्यावर जाऊन बसली.

पहिला आठवडा ती एकटीच बसली. तिच्या बोलण्याला मुली हसत. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी शेजारी आली, कारण बाक कापूनसुद्धा इतरांपेक्षा रुंद होतं. परीक्षेत मंजुळ पास झाली, पहिली वगैरे नाही, पास. आज ती मिरजेला नर्स आहे आणि तिथे मालवणीत रागावते.

तुम्ही गाववाले, मागे राहिलात ते आणि मुंबई-पुण्याला पांगलात तेही, मला विचारता, बाबा रे, आता तुझं घर खंय? सोडून बाहेर पडायचं आपल्याला देवानेच शिकवलं आहे, त्याचं मला भय नव्हतं. दुसऱ्याच्या दारात ठाण मांडायचं मात्र कोणी शिकवलं नव्हतं. गावचं घर माझंच आहे, तिथे मला काही सिद्ध करावं लागत नाही. कोल्हापुरात भाड्याच्या दीड खोलीपलीकडे माझ्या नावावर काही नाही.

गेल्या जूनमध्ये आपल्याकडच्याच एका नव्या बिऱ्हाडाच्या पोराला घेऊन मी त्याच्या प्रवेशासाठी त्या शाळेत गेलो होतो. हेडमास्तर वर्गावर होते. व्हरांड्यात ते बाक ठेवलेलं दिसलं, एक कड करवतीने ओबडधोबड कापलेली. मी त्यावर बसलो. शिपाई आला आणि म्हणाला, "ओ मामा, उठा, शाळेचं हाय ते."

मी नाही उठलो. त्या पोरालाही हाताला धरून शेजारी बसवलं.