प्रावो म्हणजे उजवीकडे

ब्लाझेनाच्या आईनं एका चुकीवरून नवऱ्याला जन्मभर सुखानं घास गिळू दिला नाही. नवरा आधी गेला, तरी टोमणे थांबले नाहीत. भिंतीवरच्या फोटोला ऐकवायची, "सरळ जा म्हटलं तर हे महाशय उजवीकडे वळले. नाहीतर आज आपण इटलीत असतो. इथं धुक्यात कुजत बसलो नसतो."

गोष्ट त्र्याहत्तर सालची. तेव्हा आम्हा चेकांच्या देशात कम्युनिस्ट राज्य होतं, पश्चिमेला जायची सोय नव्हती. फार मिनतवाऱ्या केल्या, तर सुट्टीत युगोस्लाव्हियाच्या समुद्रावर जाऊ द्यायचे. तिथून गुपचूप इटलीत सटकायचं, असा ब्लाझेनाच्या आईबाबांचा, व्लास्ता आणि ओल्द्रिखचा, बेत होता. सीमेजवळच्या एका फाट्यावर ओल्द्रिखनं वाट विचारली. समोरचा म्हणाला, "प्रावो, प्रावो." आता आम्हा चेकांच्या कानाला प्रावो म्हणजे उजवीकडे. तिकडे मात्र प्रावो म्हणजे नाकासमोर सरळ. ओल्द्रिख उजवीकडे वळला, वाट चुकली, धीर सुटला आणि दोघं मुकाट्यानं आपल्या गावी, प्रोस्त्येयोव्हला परत आले.

राज्य बदलल्यावर आई हा किस्सा उघड सांगायला लागली. दर नाताळच्या जेवणाला, तळलेल्या माशाबरोबर. पाहुणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. बाबा ताटातले काटे काढत बसायचे. ब्लाझेनाही हसायची. एका वर्षी बटाट्याचं सॅलड वाढता वाढता तिच्या मनात आलं, त्या गाडीत मी कुठं होते?

ती नव्हतीच गाडीत. तीन वर्षांची पोर आजीकडे ठेवली होती. आईबापांनी परत यावं म्हणून मूल मागं ठेवूनच परवानगी मिळायची. म्हणजे बाबा चुकले नसते, तर ही दोघं हिला टाकून गेली असती.

विचारायची हिंमत काही झाली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही, हिनंही नाही. आधी बाबांचं दुखणं काढलं, मग आईचं. कुणी कोट चढवून दाराकडे निघालं की ही खिडकीशी जाऊन उभी राहायची, मग ते माणूस नुसतं पाव आणायला का जाईना. फेब्रुवारीत आईही गेली. त्यानंतर घरातून कुणी निघायचा प्रश्नच उरला नाही.

जूनमध्ये तिनं बाबांची हिरवी स्कोडा बाहेर काढली. तीच, त्र्याहत्तरच्या प्रवासातली.

"ह्या डबड्यात बसून समुद्रावर?" शेजारची मिलादा कुंपणावरून म्हणाली. "अगं, ही गावाबाहेर पडली तरी मिळवली. आणि सोबत कोण?"

"कोणी नाही."

"मग एवढी कापं कुणासाठी तळलीस?"

खरंच की. चुरा लावून तळलेली मांसाची कापं, पाव, काकडीचं लोणचं. दोघांना पुरेल एवढं सवयीनं बांधलं होतं. ब्लाझेनानं डबा शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला आणि निघाली.

आईबाबा हंगेरीतून गेले, म्हणून तीही हंगेरीतून गेली. चढ आला की गाडी तापायची. हिचं इंजिन मागे, मग तिकडचं झाकण उघडून, ते निवेपर्यंत रस्त्याकडेला बसून राहायचं. आमच्याकडच्या चकचकीत गाड्या भोंगा वाजवत, हात हलवत भुर्रकन निघून जायच्या. बालाटोनच्या तळ्याकाठी एका गृहस्थानं गाडीचं तोंडभर कौतुक केलं, मग आत डोकावून विचारलं, "एकट्याच?" ती "हो" म्हणाली. त्या एका शब्दावर त्याचं बोलणं आटपलं. पुढे दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. बोलायला माणूसच नव्हतं.

फाटा सापडला. आईनं तो इतक्या वेळा सांगितला होता की चुकायची सोयच नव्हती. छोटं चर्च, पाण्याचा हौद, समोर सरळ जाणारी सडक. आणि उजवीकडे दोन दगडी बांधांमधली वाट.

ती उजवीकडे वळली. बैलगाडीची वाट ती. जरा पुढे गेली, वळण घेतलं आणि वाट संपली. समोर घराची भिंत, कोंबड्या आणि द्राक्षाचा मळा. एक म्हातारी फडक्याला हात पुसत बाहेर आली. फूमा तिचं नाव. भाषा आमच्यासारखीच, अर्धी कळते, अर्धी अंदाजानं.

"चेक ना?" फूमानं नंबरप्लेटकडे बघितलं. "तुम्हाला प्रावो म्हणजे काय ते कधी कळणार आहे?"

"ही वाट पूर्वी पुढे जायची का? पन्नास वर्षांपूर्वी?"

"कुठं जाणार बाई? सासऱ्यांच्या लग्नाआधीपासून इथंच संपते. लोक चुकतात, अंगणात गाडी वळवतात, जातात सरळ. दोन मिनिटांचं काम. इंजिनाला पाणी देऊ का?"

फूमा पाणी आणायला गेली आणि ब्लाझेना स्टिअरिंग धरून तशीच बसली. दोन मिनिटांचं काम. एवढ्याशा चुकीपायी कुणी इटली सोडतं होय? गाडी इथंच थांबली असणार. बाबांनी इंजिन बंद केलं असणार. शेजारच्या सीटवर आई होती, तोंडाची एवढी फटकळ, तीही "वळव आणि चल सरळ" म्हणाली नाही. दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

मग जन्मभर त्या शब्दावर खापर का फोडलं? कारण तुझ्यासाठी परतलो असं सांगायचं, तर तुला टाकून निघालो होतो हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बाबा मूर्ख ठरलेले बरे. बाबांनाही ते चाललं.

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त राग आला. "एकदा तरी सांगायचंस, आई," ती मोठ्यानं म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. ऐकायला कोंबड्या होत्या. ज्यांना सांगायचं ती दोघं प्रोस्त्येयोव्हच्या मातीत होती.

इंजिनाला पाणी झालं. फूमाचे आभार मानून तिनं अंगणात गाडी वळवली आणि फाट्यावर येऊन थांबली. एका हाताला घरची वाट, दुसऱ्या हाताला इटली. शिपाई नाही, अडसर नाही, कुणी काही विचारणार नाही. त्या दोघांना इथून मागे ओढायला ती होती. तिला मागे ओढायला कुणी नव्हतं.

मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला, तशी ती इटलीच्या रस्त्याला लागली.