तळहातापुरती लेन्स

आमच्या घरमालकांइतका चौकशी करून दमवणारा माणूस मानवत तालुक्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याचे भाडेकरू कधीच घर सोडून गेले असतील. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मोंढ्याजवळ सरकी-पेंडीचं दुकान, वय बहात्तर. पंखा घ्यायचा ठरला तेव्हा ते तीन पाहुण्यांकडे जाऊन तीन वेगवेगळ्या पंख्यांखाली दुपारभर झोपून आले. कवळी बसवण्याआधी त्यांनी कवळीवाल्या व्याह्यांना समोर बसवून शेंगा खायला लावल्या आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. अशा माणसाच्या वाट्याला मोतीबिंदू आला, आणि सोबत म्हणून मी अप्पांच्या वाट्याला आलो.

परभणीच्या डॉक्टरांनी लेन्सचे प्रकार शांतपणे समजावले. साधी लेन्स एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवते, बाकीच्याला चष्मा लागतो. भारीची लेन्स जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवते. पुण्यातल्या मुलाने फोनवरून "भारीचीच बसवा" असं सांगून विषय संपवला. अप्पांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. साधी बसवली तर कुठलं स्पष्ट दिसायला हवं, असं डॉक्टरांनी विचारताच त्यांनी डावा तळहात डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "इथलं."

अप्पा रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात. शेजारी समई असते. तिच्या ज्योतीचा एक ठिपका त्या काळ्याभोर लिंगावर उमटतो आणि त्यावर नजर लावून ते अर्धा तास बसतात. लहानपणी लिंगायत रिवाजाप्रमाणे दीक्षा झाली तेव्हापासून. दोन वर्षं तो ठिपका धुरासारखा पसरला होता. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मलाही त्या दवाखान्यातच कळलं.

मग डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्यांच्या भेटी सुरू झाल्या. भर दुपारी खिडक्या लावायच्या, पिशवीतून निरांजन काढून पेटवायचं आणि समोरच्याला काय दिसतं ते विचारायचं, अशी अप्पांची पद्धत. मी बाजूला बसून चहा घेत असे. असे अकरा चहा झाले. बोरीच्या निवृत्त मास्तरांनी भारीची लेन्स बसवली होती आणि ते तिच्यावर खूश होते; पेपर चष्म्याशिवाय वाचून दाखवला. ज्योतीकडे बघून मात्र म्हणाले, "लख्ख हाय. जरा भवती कडं दिसतंय, बास. होईल सवय."

अप्पांनी निरांजन विझवलं. "मास्तर, तुमाला पेपर वाचायचाय. मला एक ठिपका बघायचाय. त्याला कडं कशाला पायजे?"

मुलगा चिडला. बापाला साधी लेन्स बसवली असं लोक म्हणतील, हा त्याचा मुद्दा. "डोळ्यात बसल्यावर लोकायला दिसती व्हय रे?" एवढंच बोलून अप्पांनी फोन ठेवला. पुढे तीन सकाळी मी शिंप्याच्या टेपने त्यांच्या डोळ्यापासून तळहातापर्यंतचं अंतर मोजलं. तेरा इंच. डॉक्टरांनी न हसता आकडा लिहून घेतला. इंच न् इंच जुळेलच असं नाही, आणि लांबच्यासाठी चष्मा कायम लागेल, हेही बजावलं. अप्पांनी मान डोलावली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं महिन्याच्या अंतराने नीट पार पडली. डॉक्टरांची आंघोळीला परवानगी मिळाल्यावरच्या पहिल्या सकाळी त्यांनी मला पूजेच्या खोलीत बोलावलं. समई जळत होती. लिंग तळहातावर होतं.

"दिसायलाय?" मी विचारलं.

"एकच ठिपका. कडं न्हाई, धूर न्हाई." त्यांनी तळहात समईच्या जरा जवळ नेला. "पण एका जागी थांबंना. मी समजत होतो, हे बी मोतीबिंदूचंच हाय."

मी बघितलं. त्यांचा हात कापत होता. किती वर्षांपासून, ते सांगणं अवघड होतं. मलाही ते कधी दिसलं नव्हतं, आणि मी तीन सकाळी त्याच हाताला टेप लावला होता.

अप्पांनी उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलं. ठिपका पुष्कळसा स्थिर झाला. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि मी दार ओढून घेतलं.