मधला माणूस

इंगोलेंशी माझी पहिली भेट उलटतपासणीनेच झाली. मंगरूळपीरच्या आमच्या महाविद्यालयात गणित शिकवायला मी रुजू झाले, त्याच दिवशी स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर बसले असताना दारातून आवाज आला, "मॅडम, बांगड्या पाहून राह्यल्या का?"

मी खरोखरच बांगड्या पाहत होते.

इंगोले आमचे नेटवर्कप्रमुख. त्यांच्या खोलीतल्या प्रॉक्सी सर्व्हरला ते 'पेटी' म्हणत. कॉलेजातून इंटरनेटवर जाणारं-येणारं सगळं त्या पेटीतून जाई. एन्क्रिप्शनचं कुलूप लावलेला मजकूरही ती उघडून तपासायची आणि पुन्हा कुलूप लावून पुढे धाडायची. "मी मधला मानूस," इंगोले छाती काढून सांगत. "पाह्यल्याशिवाय काई सोडत नाई." एकदा प्रश्नपत्रिकेच्या फायलीसोबत आलेला व्हायरस पेटीने दारातच धरला होता. तेव्हापासून त्यांना कुणी हसत नसे. निदान तोंडावर.

पुढे एन्क्रिप्शनची नवी आवृत्ती आली. ती जुन्या पेटीला समजेना. मग ती प्रत्येक साइटला जुन्याच आवृत्तीत बोलायला लावी, आणि साइटी मुकाट ऐकत. पण अंतर्गत गुण भरायच्या शेवटच्या दिवशी गुणांची साइट काही केल्या उघडेना. तिने जुनी आवृत्ती बंदच करून टाकली होती. पाचनंतर न भरलेले गुण शून्य धरणार, आणि साइट चालायची ती फक्त कॉलेजच्या नेटवरून.

प्राचार्य धावत आले. "इंगोले, ही एक साइट न तपासता जाऊ द्या."

"न पाह्यता? तुमी जावई न पाह्यता केला होता का, साहेब?"

"अहो, पोरांचं वर्ष जाईल!"

इंगोले खुर्चीत बसले. रुमालाने मान पुसली. "पेटीले नवी बोली येत नाई," ते म्हणाले, आणि मग हळूच, "अन् मलेबी." त्यांच्या तोंडून 'येत नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी ती साइट तपासणीतून वगळली. पण मी गुण भरायला बसले तशी स्टूल ओढून शेजारी येऊन बसले. "पेटी नाई पाहू शकत, तं मी पाहतो."

आणि पाहू लागले! "याले इतके काहून? हा तं दिवसभर कॅन्टिनात दिसते." "या पोरीले कमी देल्ले तुमी." प्राचार्य घड्याळ दाखवून ओरडत होते, इंगोले गुण तपासत होते. पाचच्या थोडं आधी शेवटचे गुण गेले.

नवी पेटी यायला पुढची उन्हाळ्याची सुट्टी उजाडली. निवृत्ती तोंडावर आलेली असताना इंगोले विद्यार्थ्यासारखे चष्मा लावून नवी आवृत्ती शिकले. नवी पेटी या आवृत्तीतला मजकूरही उघडून तपासू शकत होती. पण बँकांच्या आणि दवाखान्यांच्या साइटी त्यांनी आपणहून तपासणीतून वगळल्या. मी चकित होऊन कारण विचारलं.

"त्या दिवशी तुमच्या बाजूले बसलो, तवा समजलं पेटी काय काय पाहते ते," ते म्हणाले. "व्हायरस पकडाव. लोकाइची दुखनी पाहून मले काय करायचं?"

आता निवृत्त होऊन ते रिठद गावी शेती पाहतात. मधूनमधून फोन येतो.

"मॅडम, नेट कसं चालून राह्यलं?"

"एकदम छान. काहीच अडत नाही."

पलीकडचा आवाज काळजीचा होतो.

"मंग जाऊन पाहा बरं एकडाव. कोनी पाहून नाई राह्यलं वाटते."