गोऱ्याचं आडनाव आणि माझं

मोडीमामा कुणालाच त्याच्या नावानं हाक मारत नसत. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ज्याचा खापरपणजोबा राजाच्या घोड्यांकडे होता, तो त्यांच्या लेखी 'पागनिसाचा', मग तो बँकेत का असेना. मामा म्हणजे निवृत्त झालेले चित्रकलेचे सुपेकर मास्तर. मोडी वाचत, त्यामुळे कुणाच्याही घरचे जुने कागद लावून ते घराण्याचं मूळ सांगत. मी शेजारचा, त्यांच्या ओट्यावर वाढलेला. मला मात्र ते नुसतं 'राजाराम' म्हणत. ते मला फार झोंबे.

कारण उघड होतं. आम्ही पिढ्यांपूर्वी राजांबरोबर इकडे आलेले मराठी, पण आमच्याकडे तमिळ रीतीप्रमाणे वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे लावलं की झालं नाव. मी एस. राजाराम. दोनतीन पिढ्या घरात आडनाव कुणी उच्चारलंच नाही, आणि ते काय होतं हे सांगणाराही उरला नाही. "मामा, माझं शोधा ना," म्हटलं की "बघूं रे, कागद मिळूं दे," हे ठरलेलं उत्तर.

अशात तो गोरा आला. गॅलब्रेथ, स्कॉटलंडचा. त्याचा कुणी पूर्वज राजाच्या पदरी बँड शिकवायला होता म्हणे. नव्वदीच्या त्या वर्षांत देशात सगळंच बाहेरून येत होतं. शीतपेयं आली, वाहिन्या आल्या, तसा हाही आला. पण बसला नेमका मामांच्या ओट्यावर, माझ्या जागी! आठवडाभर मामा त्याच्यासाठी ग्रंथालयात भिंग घेऊन वाकले, आणि त्या बँडमास्तराला राहायला घर दिल्याचा मोडी कागद त्यांनी शोधून काढला. गोऱ्याला टंबलरातून कॉफी, आणि मी आलो की, "राजाराम, एक खुर्ची आण."

त्यातून त्या माणसाला आपलं मूळ आधीच पाठ. गॅलब्रेथ म्हणजे 'परका ब्रिटन'. पूर्वज कुठून तरी स्कॉटलंडात आले, तिथल्यांनी त्यांना परके म्हटलं, तेच आडनाव झालं. मग काही आयर्लंडला गेले, एक मद्रासवरून तंजावरला. मामा मांडीवर थाप मारून हसले. "अय्यो, हा तर आम्हांतलाच की!" माझा नुसता जळफळाट झाला. ज्याच्या पानात सगळं वाढलेलं त्यालाच पुन्हा आग्रह, आणि माझं पान कोरडं.

शेवटी मी लबाडी केली. जवळच्या पापनाशम गावी गोऱ्यांची जुनी कबर आहे, अशी थाप मारून त्याला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. एक दिवस तरी मामा माझे! पुण्याच्या एका संगणक कंपनीचा अर्ज आला होता, त्यात आडनावाचा रकाना होता. तो मी त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ भिंग पुसत राहिले.

"तुझे कागद किती वर्षं धुंडलों रे. वाळवीनं खाल्ले. तुजला काय सांगूं म्हणून बोललों नाही." मग अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मजमागे सुपेकर म्हणवायला कोणी नाही. ते घाल."

"पण ते खोटं होईल, मामा."

"त्या गोऱ्याच्या पूर्वजानं काय पोटातून आणलेलं? लोकांनी दिलं, त्यांनी वागवलं, खरं झालं. तूंही वागव."

संध्याकाळी गॅलब्रेथ परतला तो उन्हानं लाल, हातात नारळ. कबर मिळाली नव्हती, पण कुणीतरी घरी नेऊन जेवू घातलं म्हणून स्वारी खूश. मामांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मी मुकाट्यानं त्याच्यासाठी खुर्ची आणली.

रीतसर प्रतिज्ञापत्र झालं, नोकरीही लागली. मला देवनागरी धड येत नव्हती; आडनावाची चार अक्षरं मामांनी ओट्यावर बसवून माझ्याकडून गिरवून घेतली. निघताना ते स्टेशनवर आले.  गाडी हलल्यावर फलाटावरून ओरडले,

"ए सुपेकराच्या, पोचल्यावर पत्र घाल!"

डब्यातली माणसं वळून बघू लागली. मी खिडकीशी जाऊन, घसा फुटेल इतक्या मोठ्यानं ओ दिली.